जुनी मॅन्युअल गाडी घेताय? क्लच किती शिल्लक आहे ते कसं बघायचं (सातारा-सांगली)

खटावकर
मंडळी, सांगलीत एक गाडी बघून ठेवली आहे. १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१५ ची, मीटरला ७८,००० किमी, पासिंग एमएच-१२. क्लच केबलचा. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर गाडी उचलते आणि रिव्हर्स टाकताना कधीकधी खर्र वाजतं. विकणारा म्हणतो, "केबल ढिली झालीय, नट फिरवला की काम झालं." गिअरबॉक्स न उतरवता क्लच प्लेट किती उरली आहे याचा अंदाज कसा घ्यायचा? टोकन द्यायच्या आधी काय काय बघू? गाडी साताऱ्यापर्यंत नेऊन आणायला मालक तयार आहे.

मिरज_फिटर
तुमच्या दोन तक्रारींची तोंडं दोन दिशांना आहेत. क्लच वर पकडतो म्हणजे प्लेट झिजलीय किंवा केबल जास्त ताणलीय. रिव्हर्सला खर्र वाजतं म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही, किंवा तुम्ही घाई करताय. केबल खरंच ढिली असती तर क्लच खाली, मॅटपाशी पकडला असता. म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेलं कारण लक्षणात बसतच नाही.

आधी फ्री प्ले मोजा. त्याशिवाय पुढची एकही चाचणी करू नका. इंजिन बंद. स्टीलची पट्टी पेडलशेजारी फ्लोअरवर उभी धरा. पेडल पायाने नको, बोटांनी दाबा. सुरुवातीला हलकं जातं, मग एकदम जड लागतं. त्या हलक्या भागाची लांबी म्हणजे फ्री प्ले. केबलच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो साधारण १५ ते २५ मिमी असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल.

फ्री प्ले शून्य असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोटांवर कायम टेकून राहतं, पकड अर्धवट सुटलेली राहते आणि चांगली प्लेटसुद्धा सरकते. अशा गाडीत स्लिपची चाचणी घेऊन "प्लेट गेली" म्हणणं म्हणजे उगाच गिअरबॉक्स उतरवणं.

कृष्णाकाठ_०९
पण प्लेट झिजली की फ्री प्ले वाढायला पाहिजे ना? ब्रेकमध्ये तर तसंच होतं.

मिरज_फिटर
उलट होतं, आणि इथेच बहुतेक जण फसतात. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकाकडे) सरकते. डायफ्राम स्प्रिंग (प्रेशर प्लेटमधली ताटलीसारखी स्प्रिंग) मधल्या कडीवर झुलते, त्यामुळे तिची बोटं गिअरबॉक्सच्या दिशेला, म्हणजे बेअरिंगकडे येतात. बोटं आणि बेअरिंग यांतलं अंतर कमी झालं की फ्री प्ले कमी होतो आणि पकड वर जाते. म्हणून केबलच्या गाडीत झीज होईल तशी केबल सैल करत न्यावी लागते.

यातूनच फुकटची खूण मिळते. बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या क्लच लिव्हरपाशी केबलच्या टोकाचा नट बघा. नट आट्यांच्या अगदी शेवटाला आला असेल, म्हणजे आणखी सैल करायला जागाच नसेल, तर प्लेटची बरीचशी झीज होऊन गेलेली आहे. त्याच्या मागचे आटे ताजे चकचकीत आणि बाकी सगळं धुळीने माखलेलं असेल, तर गाडी दाखवण्याआधी कुणीतरी नुकताच पाना लावलाय.

यवतेश्वरचा_चढ
फिटरसाहेबांशी सहमत. आता स्लिपच्या चाचणीबद्दल, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते.

क्लच प्लेट सर्वांत आधी तिथे सरकते जिथे इंजिनचा टॉर्क (फिरवण्याची ताकद) सर्वाधिक असतो. टर्बो डिझेलला हे लवकर येतं. उदाहरणार्थ, मारुतीत बसायचं ते फियाटचं १.३ लिटर डिझेल २००० आरपीएमलाच १९० न्यूटन-मीटर द्यायचं. १.२ पेट्रोलला ११५ च्या आसपास टॉर्क मिळतो आणि तोही ४००० जवळ. म्हणून "पाचव्यात ४० च्या स्पीडला ॲक्सिलरेटर दाबा" हा सल्ला डिझेलला चालतो, पेट्रोलला नाही. पेट्रोलमध्ये तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरला २५०० वरून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन ४००० पर्यंत न्या.

गाडी १५-२० मिनिटं चाललेली असू द्या. थंड क्लच धरतो, तापल्यावर सोडतो. विकणारे सकाळी गाडी दारात उभी करून, गल्लीत एक चक्कर मारून दाखवतात त्यामागे हेच आहे.

साताऱ्यात यवतेश्वरचा घाट गावातून बाहेर पडल्या पडल्या सुरू होतो, तो बरा. वाईकडून येणार असाल तर पसरणी. खंबाटकीला ट्रकच्या मागे अडकलात तर चाचणी होत नाही, नुसता हाफ क्लच (पेडल अर्धवट दाबून चालवणं) होतो. वळणावर नको, सरळ चढावर करा आणि मागे कुणी नाही हे बघून करा. आरपीएमचा काटा ४००-५०० ने उडाला आणि गाडी मात्र तशीच रेंगाळली, की झालं निदान. काटा आणि वेग हातात हात घालून वाढले तर प्लेट धरतेय.

हळदवाला
सांगलीत चढ कुठून आणायचा राव? इथे फ्लायओव्हर सोडला तर सगळं तळहातासारखं सपाट. गाडीत चार माणसं बसवून एसी फुल केला तर चालेल का?

यवतेश्वरचा_चढ
माणसं बसवा, एसी मात्र बंद ठेवा. एसीचा काँप्रेसर इंजिनच्या पुलीवरून, म्हणजे क्लचच्या अलीकडेच ताकद खातो. एसी लावला की क्लचपर्यंत पोचणारा टॉर्क कमी होतो आणि सरकणारा क्लच लपतो. बाकी लोकांना वाटतं एसीने "लोड वाढतो", वाढतो तो इंजिनवर. माणसांचा उपयोग एवढाच की गाडी हळू वेग घेते आणि जास्त टॉर्कच्या पट्ट्यात जास्त वेळ राहते.

जुना_स्टँड
एवढं कशाला? हँडब्रेक ओढा, तिसरा टाका, क्लच सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ओके. आमच्याकडे सगळे असंच बघतात.

नट_बोल्ट_कराड
दादा, ती चाचणी चुकीची नाही, पण फार ढिली आहे. आयडलला इंजिन इतका कमी टॉर्क देतं की अर्धी झिजलेली प्लेटसुद्धा त्याला धरून इंजिन बंद पाडते. म्हणजे "बंद पडलं" यातून काहीच सिद्ध होत नाही. "बंद पडलं नाही" यातून मात्र सिद्ध होतं की क्लच पूर्ण गेलाय. हँडब्रेकवर विसंबू नका, उजवा पाय ब्रेकवर ठेवा. समोर भिंत किंवा माणूस नको.

काही जण याच चाचणीत ॲक्सिलरेटरही देतात. ते अजिबात करू नका, विशेषतः गाडी दुसऱ्याची असताना. हिशोब बघा. प्लेट सरकत असताना ८० न्यूटन-मीटर आणि २००० आरपीएम म्हणजे जवळजवळ १६.७ किलोवॅट उष्णता प्लेटच्या त्या पातळ फेसिंगमध्ये (घर्षणाच्या अस्तरात) शिरते. २ किलोवॅटचे आठ गिझर एका ताटाएवढ्या चकतीवर चालवल्यासारखं. काही सेकंदांत फेसिंग काचेसारखं गुळगुळीत होतं, फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात आणि चांगला क्लच तुम्हीच खराब करून परत देता.

आकड्यात बघायचं असेल तर ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला) लागणारं ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर आणि मोबाईल अ‍ॅप वापरा. एकाच गिअरमध्ये आरपीएम भागिले वेग हा आकडा बदलूच शकत नाही, कारण मधे फक्त दातेरी चाकं आहेत. बदलला तर क्लच सरकतोय. आधी सपाटीवर चौथ्यात ६० ला हलक्या पायाने स्थिर चालवून आकडा घ्या. मग चढावर, त्याच गिअरात, ६० च्या आसपासच, पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन घ्या. वेग पूर्ण आकड्यात दिसतो आणि थोडा उशिराही येतो, त्यामुळे २-३ टक्क्यांचा फरक सोडून द्या. ५ टक्क्यांच्या वर गेला तर शंका नको.

क्लचप्लेट_कुपवाड
स्लिप सापडली तरी लगेच "प्लेट संपली" म्हणू नका, ऑइलही कारण असू शकतं. क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून ताकद आत नेणाऱ्या दांड्याचं) सील गळलं की तेल फेसिंगवर उडतं. प्लेट नवी असली तरी सरकते आणि उचलताना गाडी थरथरते. गाडी रॅम्पवर घेऊन बेल हौसिंगच्या (क्लचभोवतीच्या कव्हरच्या) तळाला, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात बोट फिरवा. ओलसर असेल तर वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइल काळं आणि जळकट. यावरून कुठलं सील ते कळतं. मात्र टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळून तेल मागून ओघळत खाली येतं आणि सीलवर आळ येतो, तेव्हा वरून खालपर्यंत डाग बघत या.

कोरडी काळी पूड दिसली तर ती फेसिंगची. थोडी असणारच. थर साचला असेल आणि जळका वास येत असेल तर ती गाडी हाफ क्लचवर चाललेली आहे.

गाडी थरथरली म्हणून सरळ क्लचला दोष देण्याआधी इंजिन माउंटिंग बघा. तुटलेल्या माउंटिंगची गाडीही पहिल्या गिअरला तशीच हादरते, आणि ते काम गिअरबॉक्स न उतरवता होतं.

कृष्णाकाठ_०९
आवाजावरून काय कळतं? एका गाडीत न्यूट्रलला घुर्र येतं, क्लच दाबला की जातं.

क्लचप्लेट_कुपवाड
दाबल्यावर आवाज जात असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबला की शाफ्ट थांबतो म्हणून आवाज थांबतो. हे क्लचच्या कामापेक्षा मोठं काम आहे, तशी गाडी नीट विचार करून घ्या. दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडलवर नुसता पाय टेकवल्यावर चिवचिव येऊन जोरात दाबल्यावर गेली तरी तेच बेअरिंग, नुकतं सुरू झालेलं.

मिरज_फिटर
रिव्हर्सचं राहिलं. बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रिंग) नसतो. क्लच दाबल्यावर आतले शाफ्ट फिरत राहतात आणि थांबायला दोन-तीन सेकंद लागतात. क्लच पूर्ण दाबा, मनात चार आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. शांत पडला तर क्लच नीट सुटतोय, घाई चालवणाऱ्याची. चार सेकंदांनंतरही खर्र आलं तर क्लच सुटत नाही: केबल ताणून लांबलेली, फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा) वाकलेला, प्लेट वाकडी किंवा शाफ्टच्या स्प्लाइनवर (प्लेट सरकते त्या खाचांवर) गंजाने अडकलेली.

हळदवाला
हायड्रॉलिक क्लचमध्ये (केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) यातलं काय लागू?

मिरज_फिटर
फ्री प्लेचा नियम लागू नाही. झीज होईल तशी सिलिंडरची जागा आपोआप जुळत जाते, म्हणून पकड वर गेली नाही तरी प्लेट संपलेली असू शकते. तिथे पेडल जड होणं ही जास्त बोलकी खूण, कारण झिजलेल्या प्लेटवर डायफ्रामला दाबायला जास्त ताकद लागते. केबलच्या गाडीत मात्र जडपणा कोरड्या, आतून तुटत आलेल्या केबलचाही असतो.

पेडल चार-पाच वेळा भराभर मारा. पकड वर आली तर लाइनमध्ये हवा किंवा गळती. मग सपाटीवर ब्रेकवर पाय तयार ठेवून पहिला गिअर टाका आणि क्लच मिनिटभर दाबून धरा. गाडी हळूच पुढे सरकू लागली तर मास्टर सिलिंडरचं (पेडलला जोडलेल्या पंपाचं) रबर आतून सोडतंय. डॅशबोर्डखाली पुशरॉड जिथे शिरतो तिथे कारपेटला ओल आहे का तेही बघा. ही कामं प्लेटपेक्षा स्वस्त, आणि बऱ्याचदा "क्लच गेला" म्हणून विनाकारण प्लेट बदलली जाते ती याच गाड्यांत.

ड्युअल मास फ्लायव्हीलच्या (मधे स्प्रिंग असलेल्या दोन भागांच्या) डिझेल गाड्या, म्हणजे स्कोडा-फोक्सवॅगनच्या बऱ्याच टीडीआय, यांत इंजिन बंद करताना शेवटी खडखड आली तर फ्लायव्हीलचाही खर्च धरा. तो क्लच सेटपेक्षा बराच जास्त येतो.

जुना_स्टँड
मीटरचा आकडा बघून काही अंदाज?

नट_बोल्ट_कराड
किलोमीटरने प्लेट झिजत नाही, किती वेळा हाफ क्लच झाला त्याने झिजते. पुण्याच्या ट्रॅफिकमधली ६०,००० किमीची गाडी आणि हायवेची सव्वा लाख किमीची गाडी यांत हायवेवालीचा क्लच चांगला निघू शकतो. म्हणून एमएच-१२ पासिंग म्हटल्यावर जरा नीट बघायचं. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत आणि ब्रेकचं धडधाकट असेल तर गाडी सिग्नलवर राबलीय. रबर एकदम नवं आणि स्टिअरिंग झिजलेलं असेल तर ते कशासाठी बदललंय ते समजून घ्या.

सांगलीत घेताय म्हणून आणखी एक. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात इथल्या बऱ्याच गाड्या पाण्यात होत्या. बेल हौसिंगमध्ये पाणी जाऊन गाडी नुसती उभी राहिली तर प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते, रिलीज बेअरिंगचं ग्रीस धुऊन जातं, स्प्लाइन गंजतात. असा क्लच धरतो चांगला पण सुटत नाही. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला मातीची रेघ आहे का, सीटखालचे कनेक्टर हिरवे पडलेत का, एवढं तरी बघा.

खटावकर
गाडी आणली आणि सगळं बघितलं. मोजमाप असं:
फ्री प्ले ४ मिमी. नटाच्या मागे जेमतेम तीन आटे शिल्लक. मालकासमोर सैल करून १८ मिमी केला, त्याच्यापुढे नट जात नाही.
सपाटीवर चौथ्यात ६० ला २,४५० आरपीएम. यवतेश्वरच्या चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन ६० लाच २,६९०.
खाली तेल नाही, काळी पूड बरीच. रिव्हर्स थांबून टाकला तर शांत. क्लच दाबून-सोडून आवाजात फरक नाही.

नट_बोल्ट_कराड
२,४५० भागिले ६० म्हणजे ४०.८. चढावर ४४.८. जवळजवळ १० टक्के सरक, आणि तीही फ्री प्ले बरोबर केल्यावर. तेल नाही म्हणजे सीलचा संबंध नाही. आटेही संपले. प्लेट रिव्हेटपर्यंत आलेली असणार.

मिरज_फिटर
पटलं. उतरवल्यावर मोजून खात्री होईल: फेसिंगच्या पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंत व्हर्नियरने खोली घ्या, ०.३ ते ०.५ मिमीच्या आत आली की प्लेट बाद. चांगली गोष्ट ही की गिअरबॉक्स शांत आहे. गाडी सोडू नका, किंमत पाडून घ्या.

छोट्या पेट्रोलचा वॅलिओ, लुक किंवा एक्सेडीचा सेट अंदाजे ४ ते ६ हजारांत येतो, मजुरी २ ते ३ हजार. वर फ्लायव्हील लेथवर सपाट करणं, क्रँकचं मागचं सील, गिअर ऑइल. त्या दिवशीचा भाव दुकानातून लेखी घ्या आणि तो कागद मालकासमोर ठेवा. "नट फिरवला की झालं" याचं उत्तर तुमच्या मोजमापात आहेच.

जुना_स्टँड
नुसती प्लेट टाकली तर? प्रेशर प्लेट चांगली असते बऱ्याचदा.

क्लचप्लेट_कुपवाड
मोजून चांगली निघाली तर असते. बोटांच्या टोकांवर बेअरिंगची खाच अर्ध्या मिमीपेक्षा खोल नको, सगळी बोटं एका पातळीत पाहिजेत, पृष्ठभागावर निळे डाग किंवा तडे नकोत. पण ही गाडी १० टक्के सरकत चाललीय, म्हणजे प्रेशर प्लेट तापून निघालेली आहे. प्लेट एकटी टाकून वाचतील दोनेक हजार, आणि थरथर आली की गिअरबॉक्स पुन्हा खाली. पूर्ण सेटच घ्या.

बसवताना उभं राहून एवढं बघा. नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसलं पाहिजे. प्लेटवर फ्लायव्हील साइड लिहिलेलं असतं, उलटी बसली तर क्लच सुटणारच नाही. स्प्लाइनला ग्रीसचा नुसता हात, गोळा लावला तर तो उडून फेसिंगवर जातो. सेंटरिंग टूल (प्लेट मधोमध धरणारं) लावून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. गिअर ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच. जीएल-४ सांगितलं असताना "भारी आहे" म्हणून जीएल-५ भरू देऊ नका, त्यातली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना त्रास देतात. पहिले ५०० किमी घाटात ताणायचं नाही.

यवतेश्वरचा_चढ
त्यात एक भर. गिअरबॉक्स चढवताना तो जॅकवर तोलून धरला पाहिजे. शाफ्ट प्लेटमध्ये शिरला आणि बोल्ट लावायच्या आधी गिअरबॉक्स तसाच लटकत सोडला, तर सगळं वजन नव्या प्लेटच्या हबवर येऊन ती वाकते आणि पहिल्या दिवसापासून रिव्हर्सला खर्र वाजतं. हौसिंगच्या दोन्ही डॉवेल पिन (इंजिन-गिअरबॉक्स नेमके जुळवणाऱ्या) जागेवर आहेत का तेही चढवण्याआधीच बघून घ्या, एखादी जुन्या कामात हरवलेली असते.